वीस अंशांचा हट्ट

घरच्या घरी फिल्म धुणे हा आता मोजक्या हौशी मंडळींचा उद्योग उरला आहे. पण त्याची परंपरा मोठी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा त्याची फिल्म दादरच्या राहत्या घरीच धुतली जाई, आणि त्या कामात सरस्वतीबाईंचा मोठा हात असे.

ही रसायने मात्र साहेबाच्या थंड मुलुखातली. त्यांना वीस अंश सेंटिग्रेड हवे असतात. आमच्या वाशीमला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी चहाला अर्धे तयार असते! डेव्हलपर तापला की घाई करतो. निगेटिव्ह नको तितकी दाट होते आणि चित्रातला उजेडाचा भाग पांढराफटक पडतो. शिवाय फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो, नख लागले तरी ओरखडा.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाने रिसोडहून एक रोल पाठविला. आमच्या काकूंची शेवटची छायाचित्रे त्यात होती. काकू आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या. असा रोल दुसऱ्यांदा धुता येत नाही.

मी माठाकडे वळलो. कोरड्या हवेत माठ झिरपतो, ते पाणी उडून जाताना आतली उष्णता नेते. म्हणून मे महिन्यात माठ जितका गार, तितका श्रावणात नसतो. त्या दुपारी थर्मामीटरने माठात चोवीस अंश दाखविले. (घरातला तापाचा थर्मामीटर येथे कामाचा नाही, तो पस्तिसाच्या खाली उतरतच नाही.) आणखी उतरविण्यासाठी बर्फ थेट रसायनात टाकू नये, ते पातळ होते. परातीत पाणी, त्यात बर्फ, आणि त्यात बाटल्या.

एवढे करूनही वीस साधले नाहीत, तरी अडत नाही. फिल्म इलफर्डची एचपी-५ प्लस होती. आयडी-११ डेव्हलपरमध्ये तिला वीस अंशांवर साडेसात मिनिटे लागतात; चोविसावर ती पाचाच्या आसपास येतात. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा बसेलच असे नाही. म्हणून मी त्यात तितकेच पाणी मिसळले. मग वीस अंशांना तेरा मिनिटे, चोविसाला सुमारे नऊ. निवांत काम.

लोक डेव्हलपर जपतात आणि हायपोला व शेवटच्या धुण्याला विसरतात. थंडातून एकदम गरमात गेलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत. म्हणून धुण्याच्या पाण्याची बादलीही आधीपासून माठातूनच भरून ठेवली होती. सौ.नी दोन दिवस फ्रिजमधले पाणी प्यायले आणि तक्रार केली नाही, हे नमूद केले पाहिजे.

रोल न्हाणीघरात दोरीवर टांगला. संध्याकाळी भावाचा फोन आला, "दादा, आल्या का रे काकू?"

"आल्या," मी म्हटले. "नथीसकट."