इंडिकेटरचा बल्ब तीन कामं करतो

पंधरा-वीस वर्षं जुन्या बाइकला एलईडी इंडिकेटर बसवले की दोनपैकी एक तक्रार हमखास येते. एक तर दिवे वेड्यासारखे फडफडतात, नाहीतर लुकलुकतच नाहीत. दुकानदार माल चांगला असल्याची ग्वाही देतो आणि बहुधा तो खरंच बोलत असतो. घोळ असतो तो वायरिंगमध्ये. जुना बल्ब उजेड देता देता गाडीची आणखीही कामं उरकत होता, ती आता अडतात.

पहिलं काम फ्लॅशर चालवण्याचं. अशा बाइकमध्ये इंडिकेटरचा बल्ब साधारण 10 वॅटचा असतो. एका बाजूचे दोन बल्ब पेटले की 12 व्होल्टला सुमारे 1.7 अँपिअर करंट फ्लॅशरमधून जातो. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि जोड सुटतो. निवली की पुन्हा टेकते. ओळखीचा टिक-टिक आवाज तो हाच. एलईडीची जोडी जेमतेम दोन-तीन वॅट खाते. तेवढ्याने पट्टी धड तापतच नाही.

फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असला तर गंमत वेगळी. करंट कमी दिसला की 'एक बल्ब उडाला' असं समजून तो मुद्दाम वेग वाढवतो. म्हणजे ती फडफड चालकासाठी ठेवलेली सूचना असते. पण मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणं ही मान्य मर्यादा आहे, त्यापलीकडे गेलेला दिवा मागच्याला गोंधळात टाकतो.

यावर गॅरेजमध्ये दोन उपाय सांगतात. एक, प्रत्येक दिव्याला समांतर रेझिस्टर जोडून जुन्या बल्बचा भार कायम ठेवायचा. कारच्या 21 वॅटच्या बल्बसाठी 6 ओहमचा, 50 वॅटचा रेझिस्टर सर्रास मिळतो. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून लांब, पत्र्यावर घट्ट बसवावा लागतो. शिवाय वाचवलेली वीज अशी उष्णतेत घालवायची, तर एलईडी बसवून मिळवलं काय? दुसरा उपाय बरा: भार न पाहता ठरलेल्या वेगाने चालणारा एलईडी फ्लॅशर. तो तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन अर्थला जोडायला विसरू नये.

बल्बचं दुसरं काम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. अनेक जुन्या बाइकच्या मीटरमध्ये इंडिकेटरचा हिरवा दिवा एकच असतो आणि तो डाव्या-उजव्या वायरींच्या मधोमध जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लावला की करंट या पायलट दिव्यातून उजव्या वायरीत उतरतो आणि उजव्या बल्बांच्या थंड तारेतून अर्थ गाठतो. एवढ्याशा करंटने ते बल्ब पेटत नाहीत. एलईडी मात्र पेटतात. मग बटण डावीकडे आणि चारही दिवे एकदम चालू! इलाज दोन साध्या डायोडचा. प्रत्येक बाजूच्या वायरीवरून एकेक 1 एन 4007 डायोड घ्यायचा, दोन्हींची पट्टीची टोकं एकत्र करून पायलट दिव्याला द्यायची आणि त्या दिव्याचं दुसरं टोक अर्थ करायचं. मग एका बाजूचा करंट दुसरीकडे जात नाही.

तिसरं काम रंगाचं. इंडिकेटर अंबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा, असावा लागतो. तारेच्या उजेडात लाल-पिवळा भाग भरपूर, त्यामुळे रंगीत काच छान खुलते. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा जोर असतो. काच तो अडवते आणि उरतो फिकट उजेड. काच रंगीत असली तरी एलईडी अंबरच घ्यावा. जुन्या होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब घेणार असाल, तर त्याच्या चिप्स कडेलाही आहेत ना, ते पाहा. चिप्स फक्त समोर असल्या की मागचा रिफ्लेक्टर अंधारात राहतो.

बसवताना जुन्या इंडिकेटरची अर्थ पाहून घ्या. बऱ्याचदा ती धातूच्या दांड्यातूनच चॅसीला मिळते. नव्याचा दांडा रबराचा असेल, तर काळी वायर वेगळी अर्थ करावी लागते. एलईडीला उलटसुलट चालत नाही; वायरी अदलाबदल झाल्या तर तो पेटणार नाही. बॅटरी नसलेल्या, थेट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालणाऱ्या स्कूटरला आधी डीसी पुरवठा करावा लागतो. गाडी 6 व्होल्टची असेल, तर 12 व्होल्टचा माल तिथे चालत नाही.

एवढा उपद्व्याप करावा का? किक मारून चालणाऱ्या बाइकची बॅटरी अनेकदा 2.5 अँपिअर-अवरचीच असते. सिग्नलला इंजिन मंद चालताना इंडिकेटर मिणमिणत असेल, तर एलईडीने तिचा भार नक्की हलका होतो. नुसतं दिसायला छान म्हणून बदलणार असाल, तर एक हिशेब ध्यानात ठेवा. ठरलेल्या वेगाच्या फ्लॅशरला दिवा उडाल्याचं कळत नाही. मागचा बंद पडला तरी तो त्याच तालात चालत राहतो. तेव्हा अधूनमधून बटण दाबून गाडीभोवती एक फेरी मारणं आता तुमच्याकडे आलं.