दारापुढच्या उताराला पसऱ्या गुलाब



उसाच्या पत्रकात गुलाबाचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण या हकिगतीत हरळी आहे, पाचट आहे, हुमणी आहे आणि टू-फोर-डीचा पंपही आहे. म्हणजे सगळी मंडळी आपल्या ओळखीचीच.

मांजरी बहुतेकांना ठाऊक आहे. १९७५ साली ऊस उत्पादकांच्या सहकारातून डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून जी संस्था उभी राहिली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच. मांजरी गोटा वांगंही इथलंच. गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेलं आणि रानाच्या जागी इमारती आल्या, पण आमचं जुनं घर आणि अंगण टिकून आहे. त्या अंगणापुढे रस्त्याकडे उतरती अशी वीस फूट लांब, पाच फूट रुंद पट्टी आहे. दर पावसाळ्यात तिची माती वाहून रस्त्यावर यायची आणि उरलेल्या जागेत काँग्रेस गवत माजायचं. (हे गवत १९५५ साली पुण्यातच नजरेत आलं. त्या मानाने ते आमचं जुनं शेजारी.)

सौ. ना तिथं गुलाब हवा होता. पण त्यांची अट एकच, "कुंडीतल्यासारखा लेकराचे लाड करून वाढवायचा गुलाब नको. गुरं, रान, स्वयंपाक सांभाळून मला त्याच्या पाया पडायला वेळ नाही." अट रास्त होती. आणि अशी जात खरोखरच आहे.

भुईमुगात उपट्या आणि पसऱ्या असे दोन प्रकार आपण मानतो. गुलाबातही तसंच आहे. हाराला, गुच्छाला जातो तो ग्लॅडिएटरसारखा गुलाब उपट्या. सरळ वर जातो, खाली जमीन उघडी राहते. पसऱ्या गुलाब दीड-दोन फुटांच्या वर फारसा जात नाही, पण आडवा तीन-चार फूट पसरतो आणि झुपक्यांनी बारीक फुलं देतो. याचं एक मूळ जपानकडच्या विचुरा या रानगुलाबात आहे. त्याच्या फांद्या जमिनीवर लोळतात आणि जिथं पेर मातीला टेकतं तिथं मुळ्या सोडतात. इंग्लंडमध्ये १९३२ साली निघालेली 'द फेअरी' ही ठेंगणी, झुपक्याची जात पुढे याच कामाला जगभर वापरली गेली. जर्मनीत नोआक नावाच्या रोपवाटिकावाल्याने तर औषध फवारणंच बंद केलं आणि त्यातूनही जी रोपं निरोगी राहिली तीच पुढे धरली. त्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'फ्लॉवर कार्पेट' ही जात आली. कमी देखभालीचं इंगित या निवडीत आहे. झाडच काटक निवडलं तर पंप कमी लागतो.

ही परदेशी नावं आपल्या रोपवाटिकेत मिळतीलच असं नाही. हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याला रोपवाटिका आहेत. तिथं नाव विचारत बसण्यापेक्षा झाड बघावं. बटण गुलाबातलेच काही आडवे वाढतात. बुडापासून फांद्या बाजूला गेलेल्या हव्यात, पानं बारीक आणि चकचकीत हवीत. आणि खरेदी ऑगस्टमध्ये करावी. त्या दमट हवेत काळ्या ठिपक्यांचा रोग जोरात असतो. ज्या झाडाची पानं अशा दिवसांतही बुडापर्यंत शाबूत आहेत, ते घ्यावं. डिसेंबरात सगळेच गुलाब देखणे दिसतात.

दुसरी गोष्ट, शक्यतो फाटे कलमाचं रोप घ्यावं, डोळा भरलेलं नको. डोळा भरलेल्या झाडाला खालच्या रानटी खुंटाची फूट येते. सरळ गुलाबात ती दिसते आणि काढता येते. पसऱ्या गुलाबाच्या जाळीत ती लपून राहते आणि वर्ष-दोन वर्षांत खुंटच झाड खाऊन टाकतो. (सात पानांची फांदी ती रानटी, हा ठोकताळा खरा नाही. फूट जोडाच्या खालून आली का, एवढंच बघायचं.)

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी जूनमध्ये पाऊस पडला तशी घाईने पट्टी उकरली, गवत खुरप्याने वरवर काढलं आणि सोळा रोपं लावून मोकळा झालो. दिवाळीपर्यंत हरळी आणि लव्हाळा रोपांच्या पोटात शिरले. उसात हरळी आली तर सरीत बसून काढता येते. इथं काट्यांच्या जाळीत हात घालायचा कोणी? सौ. चे हात कोपरापर्यंत ओरबाडले. शेवटी गुलाबासकट सगळं उपटलं. पसऱ्या गुलाब तण दाबतो हे खरं, पण जमीन पूर्ण झाकल्यावर, आणि तेही बीपासून येणारं तण. आधीपासून जमिनीत असलेल्या काशीला आणि गाठीला तो काही करू शकत नाही.

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. एप्रिलमध्ये पट्टी टिकावाने फूटभर खणली आणि ढेकळं उन्हात तापू दिली. हरळीच्या काश्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. पहिल्या पावसावर जे फुटलं ते पुन्हा मुळासकट काढलं, जुलैत पुन्हा एकदा. लागण केली सप्टेंबरात. शेजारचे तात्या म्हणायचे, "अरे, पावसाळा वाया घालवलास." पण तीच मेहनत आजवर पुरते आहे.

लागणीचं फार अवघड नाही. आमची माती काळी, चिकण. गुलाबाला पाणी साठलेलं अजिबात चालत नाही, त्याला वाफसा लागतो. उतार असल्याने आमचं निभावलं. सपाट जागा असेल तर नऊ इंचांचा गादीवाफा करावा. अडीच अडीच फुटांवर दोन ओळी, समोरासमोर न घेता तिरक्या धरल्या. दीड फुटाचा खड्डा, त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कारखान्याचा ताजा प्रेसमड घालू नका. तो कुजताना तापतो आणि मुळं भाजतात. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीही येते, आणि तिला उसाचं मूळ काय, गुलाबाचं काय, सारखंच. युरियाची सवयही दाराबाहेर ठेवावी. लुसलुशीत फूट येते, तिच्यावर मावा बसतो आणि फुलं राहतात बाजूला. क्षारपड जमीन किंवा खारं पाणी असेल तर आधी माती-पाणी तपासून घ्या. क्षार वाढले की गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात.

मग पाचट. खोडव्यात पाचट ठेवा, जाळू नका, हे आपण इतकी वर्षं ऐकतो आहोत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यातलं दोन भारे दारात आणायला काय जातं? हातभर तुकडे करून रोपांमध्ये चार बोटं जाडीचा थर दिला, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. गुलाब पसरून जमीन झाकेपर्यंत दीड-दोन वर्षं हे पाचटच जमीन झाकतं. पाणी पहिले दोन महिने दोन-तीन दिवसांआड दिलं. आता उन्हाळ्यातही आठवड्याला एकदा पुरतं, पावसाळ्यात काहीच नाही. जुनी ठिबकची नळी पाचटाखाली टाकली आहे. मात्र दिवाळीत फटाके जपून, आणि बंबाची राख तिकडं टाकायची नाही. वाळवी दिसली तर पाचट बाजूला करून जमीन दोन दिवस उघडी ठेवावी.

एक धोका फक्त आपल्यासारख्या ऊसकऱ्यालाच आहे. उसातल्या रुंद पानांच्या तणाला आपण टू-फोर-डी मारतो. गुलाबही रुंद पानांचाच. एकदा मावा आला म्हणून मी निंबोळी अर्क त्याच पंपाने फवारला. पंप धुतला होता, निदान मला तसं वाटलं होतं. पुढच्या आठवडाभरात शेंड्याची पानं दोरीसारखी बारीक होऊन पिळवटली. रोग समजून आणखी फवारणार होतो, तेवढ्यात पंपाच्या वासावरून उलगडा झाला. झाडं सावरली, पण हंगाम गेला. गुलाबाचा पंप वेगळा असू द्या, आणि घराजवळच्या उसात वाऱ्याच्या दिवशी तणनाशक मारू नका.

छाटणीला फार शास्त्र नाही. द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणी घेतात त्याच सुमारास, पाऊस उघडला की, वाढलेलं तिसरा हिस्सा कातरायचं आणि वाळलेल्या फांद्या बुडातून काढायच्या. सरळ गुलाबासारखं डोळा मोजून कापायची गरज नाही. दीड महिन्यात फूल येतं. थंडीत थोडी भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी येतो. कोळ्याला सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

तरीही हा गुलाब सगळीकडे लावा असं मी म्हणणार नाही. उंबऱ्याजवळ दाट जाळी म्हणजे उंदराला आसरा, आणि उंदरामागे साप येतो. उसाच्या गावात हे सांगायला नको. आमच्या पट्टीत आणि ओट्यात चार फूट फरशी मोकळी आहे, ती तशीच ठेवली. लहान मुलं खेळतात तिथंही नको. आणि शेळी काट्याला भीत नाही, हे तात्यांच्या शेळीने एका दुपारी दाखवून दिलं.

आता तिसरं वर्ष चालू आहे. उताराची माती जागेवर राहिली. महिन्यातून एकदा अर्धा तास खुरपं लागतं, तेही कडेकडेने. फांद्या मातीला टेकून मुळ्या धरतात, त्यामुळे दाब कलमाची वेगळी खटपटही नाही. पेर मातीत दाबून वर दगड ठेवला की दोन-अडीच महिन्यांत रोप तयार. गेल्या पावसाळ्यात सौ. नी अशी अकरा रोपं माहेरी दिली. ज्यांना हवी असतील त्यांनी पाऊस उघडल्यावर यावं, पण येताना जागेतली हरळी काढून यावं.