यंत्राची जाग आणि यंत्राची आठवण: एसएसडी आणि रेड वेगळे का ठेवावेत

मंडळी, आजच्या विषयाचं नाव ऐकून पुढच्या रांगेतले दोघे-तिघे दचकलेले मला दिसले. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस हार्ड डिस्कवर काय बोलणार? तेव्हा कारण आधी सांगतो.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची अनेक गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलं असेल. निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जण त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायला लागलो. जुने फोटो स्कॅन करायचे, गावात कुणाचं घर कुठे होतं, पार कुठे होता, हे बोलतं करायचं आणि आवाज नोंदवून ठेवायचा. हे सगळं माझ्या बारामतीच्या घरातल्या एका संगणकात साठत गेलं. त्यात चार हार्ड डिस्क होत्या, प्रत्येकी ४ टीबीच्या, रेड ५ पद्धतीने जोडलेल्या. विंडोजही त्याच चार डिस्कवर होतं. एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही असं मला सांगितलेलं होतं, आणि मी निर्धास्त होतो.

हे रेड म्हणजे काय? बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि थोडी जागा जादा माहितीसाठी राखावी. रेड या नावातल्या एका अक्षराचा अर्थ मुळात ‘स्वस्त’ असा होता. पुढे विकणाऱ्यांनी तो ‘स्वतंत्र’ असा करून घेतला, ते साहजिकच आहे.

ही जादा माहिती कशी काम करते, ते बघा. तीन डब्यांत सात, चार आणि नऊ सुपाऱ्या आहेत आणि चौथ्या डब्यात फक्त बेरजेची चिठ्ठी आहे: वीस. नऊचा डबा हरवला तर वीसमधून अकरा वजा केले की नऊ परत मिळतात. चिठ्ठी हरवली तर पुन्हा बेरीज करायची. यंत्र प्रत्यक्षात बेरीज करत नाही, सम-विषम बघतं, म्हणून तिला पॅरिटी म्हणतात. रेड ५ मध्ये ही चिठ्ठी एकाच डिस्कवर न ठेवता चारी डिस्कवर वाटलेली असते. १६ टीबीपैकी १२ टीबी आपल्याला वापरायला मिळतात. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातलं शेषवत्. वात्स्यायनाने त्याचा एक अर्थ परिशेष असा दिला आहे, म्हणजे बाकीचे पर्याय वगळून उरलेलं ते. मी हे तीस वर्षं फळ्यावर शिकवलं आणि एवढं चोख उदाहरण मला तेव्हा मिळालं नाही.

पण अनुमानाला आधार लागतो. दोन डबे एकदम गेले तर वीस या आकड्यातून काहीच निघत नाही.

आता माझ्याकडे काय झालं ते. जूनमधली वादळाची रात्र. लाइट चार वेळा गेली, चार वेळा आली. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपत आलेली होती, त्यामुळे वीज गेल्यावर बोर्डाने आपल्या सगळ्या सेटिंग विसरून टाकल्या. ‘या चार डिस्क मिळून एक आहेत’ हीही त्यातलीच एक सेटिंग. सकाळी संगणकाला चार वेगळ्या, अनोळखी डिस्क दिसल्या. विंडोज त्यांच्यावरच असल्याने तेही उठेना. खरं तर आत सगळं जसंच्या तसं होतं. सेटिंग पुन्हा लावली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं! पण मी संगणक दुरुस्तीला दिला. ज्याने तो हातात घेतला त्याने विंडोज उठत नाही एवढंच पाहिलं आणि पहिल्या डिस्कवर नवं विंडोज टाकलं. तिथेही शेषवत् अनुमानाने आपण वाचलो असतो. पण नव्या विंडोजने विचारलं, बाकीच्या डिस्क वापरण्याआधी तयार करू का? त्याने हो म्हटलं आणि त्या फॉरमॅटही केल्या. त्या मुलाचा मला राग नाही. डोकं आणि तिजोरी एकाच पेटीत मी ठेवली होती.

म्हणून पहिली गोष्ट: ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या, लहान एसएसडीवर ठेवा. २५० जीबीची पुरते. लोक सांगतात की एसएसडीमुळे संगणक पटकन सुरू होतो. ते खरंच आहे, पण माझ्या लेखी तो दुय्यम फायदा. वेदान्तात साधकाची पहिली पायरी नित्य-अनित्य-विवेक ही मानतात. विंडोज काय, लिनक्स काय, ते पुन्हा कुठूनही मिळतं. पळसदेवच्या माणसाचा आवाज मिळत नाही. जे परत मिळतं ते एका बाजूला, जे मिळत नाही ते दुसऱ्या. एसएसडी बहुधा न कुरकुरता अचानक जाते. जाऊ दे. नवी आणायची, दोन तासांत सिस्टिम टाकायची.

हे करताना एक काम मात्र विसरू नका. सिस्टिम टाकण्याआधी संगणक बंद करून चारी डिस्कच्या केबल काढून ठेवा, आत फक्त एसएसडी राहू दे. जे जोडलेलंच नाही ते चुकून पुसता येत नाही. शिवाय काही वेळा सिस्टिम स्वतः एसएसडीवर बसते आणि बूटची फाइल गुपचूप दुसऱ्याच डिस्कवर ठेवते. मग ती डिस्क बदलली की संगणक उठत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो. सिस्टिम नीट सुरू झाली की बंद करा, डिस्क जोडा. प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. एखादी बिघडेल तेव्हा चौघींपैकी नेमकी कोणती बाहेर काढायची, ते त्या चिठ्ठीवरूनच कळतं.

मी आता रेड मदरबोर्डच्या भरवशावर ठेवत नाही, लिनक्सच्या आत बांधतो. त्यात रेडची ओळख प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते. एसएसडी जळली, बोर्ड बदलला, तरी नवं लिनक्स त्या डिस्क वाचतं आणि पुन्हा जुळवतं. आणि संगणकाने ‘डिस्क तयार करू का’ असं विचारलं तर हात मागे घ्यायचा.

यूपीएस घ्याच, आपल्याकडची वीज आपल्याला माहीत आहे. रेड ५ मध्ये मजकूर लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर चिठ्ठीवरची बेरीज चुकीची राहते. ते त्या दिवशी कळत नाही, डिस्क बिघडेल त्या दिवशी कळतं. डिस्क बदलल्यावर नवी भरायलाही वेळ लागतो. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तासांच्या आसपास, प्रत्यक्षात जास्तच. तेवढा वेळ उरलेल्या तिघींना दम न घेता काम करावं लागतं.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड अत्यंत इमानाने सगळीकडून पुसतं. छापखाना येण्याआधी आपलं काव्य टिकलं ते नकलांवर. याच बारामतीत मोरोपंतांनी लिहिलं. एका वाड्यातली पोथी वाळवीने खाल्ली तर दुसऱ्या गावातली उरायची. दूरच्या घरात ठेवलेली दुसरी प्रत म्हणजे बॅकअप. माझी एक डिस्क इंदापूरला एका मित्राच्या कपाटात असते, दर महिन्याला बदलतो.

प्रश्न: मी भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो. रेडवरून फोटो उघडायला वेळ लागतो. सगळंच एसएसडीवर ठेवू का?

उत्तर: चालू आठवड्याचं काम दुसऱ्या एका एसएसडीवर ठेवा, सिस्टिमच्या नको. झालं की रेडवर हलवा. आणि फोटो दोन ठिकाणी पोचल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड पुसू नका.

प्रश्न: सर, तुमच्या त्या गेलेल्या मुलाखतींचं काय झालं?

उत्तर: फोटो पुन्हा स्कॅन केले, मूळ प्रती घरोघरी होत्या. मुलाखती चौदा गेल्या. त्यातली नऊ माणसं तोवर वारली होती. उरलेल्या पाच जणांकडे पुन्हा गेलो. एक आजी म्हणाल्या, ‘‘मागच्या वेळी समदं सांगितलं की, लिहून न्हाई का घेतलं?’’ घराचं पुन्हा सांगायला त्या तयार नव्हत्या. मग त्यांनी पाण्याखाली गेलेल्या विहिरीचं सांगितलं, ते आधी सांगितलं नव्हतं. ती नोंद सत्तावीस मिनिटांची आहे आणि आता तीन ठिकाणी आहे.