धोकादायक वाडा का सुटत नाही?

मे महिना सरत आला की जळगाव आणि धुळ्याच्या वर्तमानपत्रांत महापालिकेची एक चौकट छापून येते. धोकादायक इमारतींच्या मालकांनी व भोगवटादारांनी त्या तात्काळ रिकाम्या कराव्यात, दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही, असा तिचा मजकूर. मग पाऊस येतो, कुठेतरी एखादी भिंत बसते आणि पुढच्या मेमध्ये तीच चौकट पुन्हा येते. जीव धोक्यात घालून हे लोक तिथे राहतात तरी का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे: भाडे स्वस्त म्हणून. गेली काही वर्षे मी जळगावच्या पेठा आणि धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्या हिंडतो आहे. भाडे कायदा मला कुणी शिकवला नाही, रद्दीच्या भावाने पुस्तके घेऊन वाचला. हे उत्तर मला अपुरे वाटते.

माझा जन्म अशाच एका खोलीतला. धुळ्याची एक गल्ली, वाड्यातले मागचे दोन खण, भाडे महिना बावीस रुपये. वडील अडत दुकानात दिवाणजी. पाऊस लागला की आजी जागोजागी पातेली मांडायची आणि म्हणायची, "धाबं गयस, पन भाडं वाढत नही." आम्ही हसायचो. धाबे गळते म्हणूनच भाडे वाढत नाही, आणि भाडे वाढत नाही म्हणूनच धाबे गळते, हे मला चाळिशी उलटल्यावर उमगले.

आधी ही घरे कशी उभी राहिली ते पाहू. धुळे १८१९च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खानदेशचे मुख्य ठिकाण केले आणि व्यापारी-कारागिरांना बाहेरून बोलावून जागा दिल्या. जळगाव फुगले ते १८६०च्या दशकात. रेल्वे आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला. या वस्तीचे घर म्हणजे धाब्याचे घर. सागाच्या सऱ्या, त्यावर कड्या, त्यावर किलचन आणि पाला, वर खारवट पांढऱ्या मातीचा थर. ही माती उन्हात फारशी तडकत नाही आणि पाणी धरते. दर वैशाखात गळके भाग हेरून वर नवी माती टाकायची. अडचण अशी की जुनी माती बहुधा कुणी काढत नाही. पन्नास वर्षांत धाब्याचे वजन किती वाढले याचा हिशेब कुणाकडेच नसतो, आणि सरीचे टोक भिंतीत जिथे गाडलेले असते तिथेच ओल आणि वाळवी आधी पोचते. वरून सरी ठणठणीत दिसते. म्हणून असे घर पडते ते बहुधा पाऊस चालू असताना किंवा तो उघडल्यावर, माती पाणी पिऊन जड झालेली असते तेव्हा.

ही डागडुजी कुणी करायची? कायद्याने मालकाने. पण १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून टाकले. युद्धकाळातली तात्पुरती सोय पन्नास वर्षे टिकली. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात अशी गोठवणूक आता वाजवी राहिली नसल्याचे सांगितले. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला, आणि मालकाला दरसाल चार टक्के वाढ मिळाली. शंभराचे चार. एका मालकीणबाईंनी मला वही दाखवली होती. आठ भाडेकरूंचे मिळून वर्षाचे जे येते त्यात गवंड्याची आठवड्याची मजुरी निघत नाही. त्यांना लोभी म्हणणे मला जमले नाही.

मालक दुरुस्ती करत नसेल तर? कलम १४ म्हणते, भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काही झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वाचून बरे वाटते. पुढची ओळ अशी की एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून जास्त असता कामा नये. समजा, भाडे महिना शंभर रुपये. वर्षाचे बाराशे, चौथाई तीनशे. तीनशे रुपयांत सिमेंटची एक गोणी येत नाही. भाडे जितके स्वस्त, तितका दुरुस्तीचा हक्कही स्वस्त.

पण वाडे शंभर-सव्वाशे वर्षे उभे होतेच की. मग गेल्या पंधरा-वीस वर्षांतच भिंती इतक्या का बोलायला लागल्या? माझ्या पाहण्यातले कारण शेजारी आहे. गल्लीतले वाडे एकमेकांना टेकून उभे असतात, भिंत सामाईक. दोन्ही शहरांत २००३मध्ये महापालिका आली आणि मोठ्या रस्त्यांवरच्या जागांना सोन्याचा भाव आला. धुळ्याचा आग्रा रोड घ्या की जळगावची नवी पेठ, दर्शनी वाडा पडतो आणि तिथे दुकानांचे संकुल उठते. पडणाऱ्या वाड्याबरोबर शेजारच्या भिंतीचा आधार जातो. तळघरासाठी खड्डा खणला की तिच्या पायाखालची माती सैल होते. विटांच्या दोन पडद्यांमध्ये माती भरलेली ती भिंत मग पोट सोडते. आतल्या अरुंद बोळात मात्र बिल्डर येत नाही, कारण इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरते. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींसाठी २०२०च्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीत वाढीव एफएसआय आहे, पण आठ फुटांच्या बोळात तो वापरायचा कुठे? परिसर सुधारतो तो असा: पुढच्या घराची किंमत वाढते, मागच्या घराची भिंत हलते.

तरीही माणूस सोडत नाही. शंभर रुपये वाचतात म्हणून नव्हे. खोली सोडली तर मागे उरते काय, हे त्याला ठाऊक नसते म्हणून. बाहेर अकरा महिन्यांचा करार मिळतो, त्याला या कायद्याचे संरक्षण नाही. जुन्या खोलीत त्याचा हक्क आहे आणि तो हक्क भिंतीला चिकटलेला आहे अशी त्याची समजूत असते. भिंत पडली की हक्क गेला. मालकही हेच सांगतो, कधी कधी मुद्दाम.

ही समजूत चुकीची आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या भाडेकरूंचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शहा रतनशी खिमजी आणि सन्स प्रकरणातल्या जुलै २०१४च्या निकालाने सांगितले की भाडेपट्टा केवळ बांधकामाचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. इमारत पाडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घातली त्यांत इमारत पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातले चटईक्षेत्र नोंदवण्याची गोष्ट आहे. म्हणजे जूनमध्ये जीव घेऊन बाहेर पडणे आणि हक्क सोडणे या दोन वेगळ्या कृती आहेत. त्यांना वेगळे ठेवतो तो कागद. भाडेपावत्या, वीजबिल, खोलीचे मोजमाप, आणि नोटिशीला दिलेले लेखी उत्तर, ज्यात 'धोक्यामुळे तात्पुरता बाहेर पडत आहे, भाडेकरू हक्क सोडलेला नाही' एवढे एक वाक्य हवे. उत्तराच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा.

कागदाने सगळे होत नाही, हेही सांगायला हवे. ३१ ऑगस्ट २०१७ला मुंबईच्या भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. २०११मध्येच ती धोकादायक ठरली होती, बरीच कुटुंबे संक्रमण शिबिरात गेली होती, काही मागे राहिली. तिथे निदान शिबिर होते. १९६९च्या कायद्याने मुंबई शहराला दुरुस्ती मंडळ दिले, उपकर दिला. खानदेशात मंडळही नाही आणि शिबिरही नाही. जळगाव-धुळ्याची नोटीस 'निघा' म्हणते. कुठे जा, हे तिच्यात नसते. दोन पावसाळी महिन्यांचे बाहेरचे भाडे आणि अनामत हा अनेक घरांचा खरा अडथळा आहे. त्या रकमेची तरतूद महापालिकेने केली तर निम्मे वाडे जूनआधी रिकामे होतील, असे मला वाटते.

जळगावच्या एका पेठेतल्या मित्राच्या खोलीत गेल्या मेमध्ये आम्ही भिंतीच्या भेगेवर आडवी काच प्लास्टरने बसवली, खाली तारीख लिहिली. जुन्या गवंड्यांची ही रीत आहे: भिंत हलली तर काच आधी फुटते. शेजारी खड्डा खणणे चालू होते. सतराव्या दिवशी काच तडकली. वहिनींनी त्याच संध्याकाळी मुलांना माहेरी पाठवले. मित्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी, पावत्यांचा डबा आणि दोन प्रतींतले उत्तर घेऊन महापालिकेत गेला. एका प्रतीवर शिक्का मिळायला अडीच तास लागले. ती प्रत घेऊनच त्याने खोलीला कुलूप लावले. मालकाने नंतर किल्ली मागितली, ती त्याने अजून दिलेली नाही.