जमैकाचे फुलपाखरू आणि 'जाती' या शब्दाचा अर्थ

जीवशास्त्राच्या तासाला 'जाती' हा शब्द आला की वर्गातील मुले क्षणभर एकमेकांकडे पाहतात, हे आम्ही शिक्षकांनी अनेकदा अनुभवले आहे. शास्त्रातील जाती आणि समाजाने लादलेली जात यांतील भेद स्पष्ट व्हावा, यासाठी एका अल्पपरिचित फुलपाखराची ओळख येथे करून देत आहोत.

कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर 'होमेरस' हे फुलपाखरू आढळते. जगात अन्यत्र कोठेही नाही. काळपट पंखांवर पिवळे पट्टे, मागील पंखांवर निळसर ठिपके आणि पंखांचा विस्तार सुमारे १५ सेंटिमीटर. लिनीयसचे शिष्य फॅब्रिशियस यांनी १७९३ मध्ये ग्रीक महाकवी होमरचे नाव त्याला दिले.

त्याचे वर्गीकरण असे : संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण लेपिडोप्टेरा, कुल पॅपिलिओनिडी, वंश पॅपिलिओ, जाती होमेरस. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू 'ब्लू मॉरमॉन' हेही पॅपिलिओ वंशातीलच. काही अभ्यासकांनी होमेरसला 'टेरोरस' या वेगळ्या वंशात ठेवले आहे. पुरावा बदलला की शास्त्र आपली मांडणी बदलते. शिवाय यातील प्रत्येक पायरी नाते सांगते, उच्चनीचता नव्हे.

ज्यांचा आपसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती निपजते, त्यांची सामान्यतः एक जाती मानतात. या कसोटीवर सर्व माणसे एकाच जातीची ठरतात. फुलपाखरांच्या दोन जातींमधील भिंत निसर्गाने उभारलेली असते. माणसांतील भिंत मात्र सजातीय विवाहाच्या बंधनाने उभारली आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. त्याही पूर्वी 'वासेट्ठ सुत्ता'त तथागतांनी हाच विचार मांडला होता : कीटक-पतंगांत जातीची लक्षणे वेगवेगळी दिसतात, माणसांत तशी दिसत नाहीत.

होमेरस आज केवळ दोन ठिकाणी तग धरून आहे : पश्चिमेकडील कॉकपिट कंट्री आणि पूर्वेकडील ब्लू व जॉन क्रो पर्वत. गुलामगिरी झुगारून निसटलेल्या मरून लोकांनी याच दुर्गम रानांत आश्रय घेतला आणि १७३९ मध्ये इंग्रजांना तह करण्यास भाग पाडले. ज्या 'हर्नान्डिया' वृक्षाच्या पानांवर होमेरसच्या अळ्या वाढतात, ती रानेच आता तुटत आहेत. रान गेले की ही जाती संपेल आणि ती पुन्हा निर्माण करता येणार नाही.

निसर्गातील जाती जपली पाहिजे. माणसाने निर्माण केलेली जात नष्ट केली पाहिजे. हा भेद आपल्या मुलांना नीट उमगावा, एवढीच पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे.