जुन्या मोटारीला नवा क्लच

दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवा आणि उजवा तळहात गोल फिरवा. हात सैल असतील तर डावा तळहात जागचा हलणार नाही. आता हात घट्ट दाबून फिरवा. डावाही ओढला जातो! मोटारीतला क्लच हेच काम करतो. इंजिन हा उजवा हात आणि गिअरबॉक्स हा डावा. पायाने पेडल दाबले की ही जोडी सुटते, पेडल सोडले की पुन्हा जुळते.

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी, चपळ मोटार तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. हौशी मंडळींनी त्यांतल्या पुष्कळ आजही चालत्या ठेवल्या आहेत. सुटे भागही मिळतात. पण या गाडीचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिनच बाहेर काढावे लागते! चुकीचा भाग बसवला तर सारा खटाटोप पुन्हा करायचा. म्हणून भाग निवडतानाच नीट विचार हवा.

तीन भागांचा संच

इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट जोडलेली असते. या दोहोंच्या मध्ये क्लचप्लेट चिमटलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षण वाढवणारे अस्तर असते. एमजीबीत ही प्लेट २०३ मिलिमीटर व्यासाची आहे. तिसरा भाग रिलीज बेअरिंग. पेडल दाबताच तो पुढे सरकतो आणि प्रेशर प्लेटची पकड सोडवतो.

पकड येते ती बशीसारख्या आकाराच्या पोलादी डायफ्रॅम स्प्रिंगमुळे. जुन्या क्लचमध्ये वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. अस्तर झिजले की त्यांचा दाब कमी होई. डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब मात्र फारसा घटत नाही.

किती दाब हवा?

एमजीबीचे इंजिन जास्तीत जास्त सुमारे १५० न्यूटन-मीटर इतका पीळ देते. क्लच किती पीळ पेलेल, हे चार गोष्टींच्या गुणाकारावरून कळते: घर्षणाच्या बाजू, घर्षणांक, स्प्रिंगचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. बाजू २ आहेत. घर्षणांक ०.३ आणि त्रिज्या ०.०८५ मीटर धरू. २ × ०.३ × ०.०८५ = ०.०५१. आता १५० ला ०.०५१ ने भागा. उत्तर येते सुमारे २,९४० न्यूटन, म्हणजे ३०० किलोग्रॅम वजनाइतका दाब! प्रत्यक्षात याहून थोडा अधिक दाब ठेवतात, कारण अस्तर तापले की घर्षण कमी होऊ शकते.

मग दुप्पट कडक स्प्रिंग घेतली तर? शर्यतीसाठी इंजिनाची ताकद वाढवली असेल तर ते ठीक. एरवी पेडल जड होते. शिवाय पेडल दाबताना पायाचा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टवर आणि तिच्या थ्रस्ट वॉशरवर पडतो. ते लवकर झिजतात. एक भाग मजबूत करताना शेजारचा दुबळा पडतो तो असा.

एमजीबीचे मूळ रिलीज बेअरिंग म्हणजे कार्बनची कडी. तिच्यात गोळ्या नसतात. ती फिरत्या पोलादावर घासते. म्हणून सिग्नलला पेडल दाबून थांबू नये, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. गोळ्यांचे बेअरिंगही मिळते, पण त्याची जाडी प्रेशर प्लेटशी जुळली पाहिजे. यासाठीच तिन्ही भाग एकाच संचातले घेणे बरे.

बसवण्यापूर्वी

जुन्या गाडीत कधी दुसऱ्याच मॉडेलचा गिअरबॉक्स बसवलेला असतो. तेव्हा केवळ गाडीचे साल सांगून प्लेट मागवू नये. गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचा मोजाव्यात आणि त्या नव्या प्लेटशी ताडून पाहाव्यात. फ्लायव्हीलवर चरे किंवा उष्णतेचे निळे डाग दिसल्यास ते घासून सपाट करून घ्यावे.

तेलाचे सीलही तपासावे. तळहातांना थोडे खोबरेल तेल लावून पुन्हा फिरवून पाहा. पकड सुटते ना? घर्षणांक ०.३ वरून ०.१ वर आला तर क्लच एकतृतीयांशच पीळ पेलतो. अशा वेळी नवी प्लेटही घसरणारच.

आणखी एक सावधगिरी. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. म्हणून आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

शेवटी तुमच्यासाठी एक कोडे. १९७३ साली एमजीबीच्या एका प्रकारात साडेतीन लिटरचे इंजिन आले. त्याचा पीळ सुमारे २६० न्यूटन-मीटर होता. तेव्हा अभियंत्यांनी त्याला अधिक व्यासाची क्लचप्लेट दिली. नुसती स्प्रिंग कडक करून का भागवले नसेल बरे? वरच्या गुणाकारातच उत्तर दडले आहे. शोधून पाहा!