आगीचा विमा : हप्ता घटवावा, आधार नव्हे

मालवण, वेंगुर्ले किंवा कणकवलीच्या पेठेत एखाद्या दुकानदारास आगीच्या विम्याविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘विमा आहे, बँकेने उतरवलाय.’ आपल्या छोट्या व्यावसायिकाची विम्यासंबंधीची सारी समजूत या उत्तरात सामावलेली आहे. विमा ही कर्जाची एक अट, हप्ता हा बुडीत खर्च, आणि असा खर्च जितका कमी तितका बरा! हप्ता कमी व्हावा ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न आहे तो मार्गाचा.

सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे मालमत्तेची किंमत कमी दाखवणे. वीस लाखांचा माल असताना विमा दहा लाखांचाच उतरवला, आणि आगीत चार लाखांचा माल जळाला, तर चार लाख मिळतील असे व्यापारी गृहीत धरतो. प्रत्यक्षात हाती पडतात दोन लाख. ज्याने निम्म्याच किमतीचा विमा उतरवला, तो उरलेल्या निम्म्याचा स्वतःच विमेदार ठरतो, हे विम्यातील ‘सरासरीचे कलम’ होय. बँकेने केवळ कर्जापुरता विमा घेतला असेल तर नेमके हेच घडते. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू झाले. त्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. पण ही सवलत अंदाजातील चुकीसाठी आहे, निम्मी किंमत झाकण्यासाठी नव्हे.

दुसरी फसवी काटकसर आपल्या किनाऱ्यास विशेष महाग पडणारी आहे. नाव आगीचे असले तरी हा विमा वीज, वादळ, पूर यांपासूनही संरक्षण देतो. वादळ-पुराचे संरक्षण वगळून हप्त्यात सूट घेण्याची मुभा मात्र जुन्या प्रमाणित अग्निविम्यात होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा छपरे उडाली ती वाऱ्याने. ज्या मुलखात समुद्र हाच मोठा धोका, तेथे अशी सूट घेणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर कौले विकण्यासारखे आहे. सूक्ष्म उद्योगांच्या नव्या विमापत्रात वादळ व पूर मुळातच अंतर्भूत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

मग खरी काटकसर कोणती? हप्ता हे जोखमीचे मोल आहे. तेव्हा जोखीम घटवावी, म्हणजे हप्ता घटवून मागण्यास आधार मिळतो. चिऱ्याच्या भिंती व कौलारू छप्पर यांना एक दर, तर झापांच्या छपराला कच्चे बांधकाम म्हणून चढा दर, ही विमा व्यवसायातील जुनी रीत. एका छताखाली अनेक व्यवहार असतील तर साऱ्या इमारतीला साधारणतः सर्वांत धोकादायक व्यवहाराचा दर लागत असे. काजूच्या टरफलात ज्वालाग्राही तेल असते. ती टरफले गराच्या कोठारास लागून रचण्याऐवजी दूरच्या मांगरात ठेवली, किंवा मध्ये पक्की भिंत घातली, तर धोका आणि दर दोन्ही उतरू शकतात. खाऱ्या हवेत विजेच्या तारांचे जोड लवकर गंजतात. त्यांची वार्षिक तपासणी आणि चालू स्थितीतील अग्निशामक नळकांडी यांचा खर्च अल्प, लाभ मोठा. किरकोळ नुकसानीचा अधिक हिस्सा स्वतः सोसण्याचे मान्य केल्यासही हप्ता कमी होऊ शकतो. कच्च्या काजूचा साठा उन्हाळी हंगामात फुगतो व पुढे ओसरतो. अशा मालासाठी वेळोवेळी साठा कळवून हप्ता ठरवण्याची सोयही विम्यात आहे.

तथापि सारा भार व्यापाऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढेही दीर्घकाळ दर देशभर एकाच सक्तीच्या दरसूचीने ठरत. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन उठले. स्पर्धेमुळे दर उतरले, तरी त्याचा अधिक लाभ घासाघीस करू शकणाऱ्या मोठ्या कारखान्यांना झाला. कोटींचा हप्ता भरणाऱ्याच्या दारी कंपनीचा अधिकारी जातो. मालवणच्या किराणा दुकानदाराने नळकांडे बसवले काय किंवा न बसवले काय, ते पाहण्यासही कोणी येत नाही. जेथे सावधगिरीस मोल नाही तेथे सावधगिरी टिकत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त आहे.

यावर उपाय संघटनेचा. पेठेतील व्यापारी संघाने किंवा काजू कारखानदारांनी एकत्रितपणे तारांची तपासणी करून घ्यावी, अग्निशमनाची सामायिक व्यवस्था उभारावी आणि त्या बळावर कंपन्यांकडे सवलतीचा दर मागावा. कंपन्यांनीही अशा पेठेची पाहणी करून दरात फरक करावा. त्यात दोघांचेही हित आहे.

हा विषय केवळ दुकानदारांचा आहे, असे नोकरदार वाचकांनी मानू नये. काजूचा कारखाना जळाला तर गर सोलणाऱ्या स्त्रियांची मजुरी प्रथम बुडते. मागोमाग सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकते, आणि त्या संस्थेत शिक्षकाची ठेव असते. बँकेतील कारकुनाने कर्जदारास विमापत्राची प्रत देऊन विमा रक्कम समजावून सांगितली, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने घरच्या दुकानाचे विमापत्र एकदा वाचून पाहिले, तरी बरेच साधेल. आग लागल्यावर विमापत्र शोधण्यापेक्षा ते आजच उघडावे, हेच शहाणपणाचे.